डोंगरी, माहीम, मानखुर्द: मुंबईतल्या बालसुधारगृहांचा इतिहास शोधायचा असेल तर

२०२४ मध्ये पुण्यात पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिही म्हणून जामीन मिळाला, तेव्हापासून ऑफिसात, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये जो तो बाल न्याय कायद्यातला जाणकार झालाय. कायदा कडक करा, वय कमी करा, सगळं बोलून झालं. पण ही सुधारगृहं आली कुठून, त्याआधी अशा पोरांचं काय करायचे, असं विचारलं तर "इंग्रजांनी काढली असतील" यापलीकडे गाडी जात नाही. मग कोणीतरी एमएसडब्ल्यूचा (समाजकार्याचा) किंवा इतिहासाचा विद्यार्थी हौसेने प्रोजेक्टला हा विषय घेतो, गुगलवर दोन दिवस घालवतो, त्याच त्या चार ओळी दहा साइटवर सापडतात आणि गाईडला काय दाखवायचं या टेन्शनमध्ये येतो. हे त्याच्यासाठी लिहितोय. मुंबईत राहत असाल तर खरं तर तुम्ही नशीबवान आहात, कारण या विषयाचे बरेचसे कागद चर्चगेट ते देवनार एवढ्या टप्प्यात आहेत आणि बहुतेक फुकट किंवा किरकोळ फीमध्ये बघायला मिळतात.

सगळ्यात आधी एक सांगतो, इमारतीपासून सुरुवात करू नका. सगळे तेच करतात. डोंगरीला जायचं, भिंतीचे फोटो काढायचे, "ब्रिटिशकालीन वास्तू" असं लिहायचं आणि झालं. कायद्यापासून सुरुवात करा. कारण तोच दहा-अकरा वर्षांचा पोरगा १८५५ मध्ये सापडला तर एका कायद्यात बसायचा, १८८० मध्ये दुसऱ्या, १९३० मध्ये तिसऱ्या, आणि प्रत्येक वेळी त्याला वेगळं नाव, वेगळी जागा आणि वेगळी मुदत. एका कायद्यात तो गुन्हेगार, दुसऱ्यात निराधार, तिसऱ्यात नुसताच भीक मागणारा. पोरगा तोच. हे एकदा डोक्यात बसलं की पुढे जे काय वाचाल त्यात गोंधळ होत नाही.

म्हणून वहीत पहिल्या पानावर कायद्यांची लाइन आखून घ्या. मी इथे थोडक्यात देतो, पण तुम्ही मूळ कायदा उघडून वाचाच, जुने कायदे नेटवर सापडतात आणि बरेचसे दहा-बारा पानांचेच असतात, घाबरायचं काही नाही.

सुरुवात १८५० पासून. त्या वर्षीचा अॅप्रेंटिसचा कायदा, म्हणजे एकोणिसावा अॅक्ट. यात १० ते १८ वयाच्या पोरांना कुठल्यातरी मास्टरकडे धंदा शिकायला बांधून देता यायचं, विशेषतः अनाथ आणि गरीब पोरांना, आणि भटकताना किंवा बारीकसारीक गुन्ह्यात सापडलेल्या पोराच्या बाबतीत मॅजिस्ट्रेट स्वतः पालकाच्या जागी उभा राहून त्याला बांधून द्यायचा. म्हणजे पहिल्याच पायरीवर बघा, अनाथ आणि चोर एकाच कलमांमध्ये. हे नंतर कधी सुटलंच नाही.

याच काळात मुंबईत बॉम्बे टाइम्सचे संपादक जॉर्ज बुइस्ट यांच्या पुढाकाराने अशा पोरांसाठी उद्योगशाळा निघाली, आणि मग बगदादहून मुंबईत येऊन मोठे झालेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी पैसा दिला. १८५७ पासून ती डेव्हिड ससून यांच्या नावाची इंडस्ट्रियल अँड रिफॉर्मेटरी इन्स्टिट्यूशन. आज माहीमला डेव्हिड ससून औद्योगिक शाळा आहे ती याच परंपरेतली. हे ससून म्हणजे तेच, काळा घोड्याच्या लायब्ररीवाले. लायब्ररीत निवांत बसलेल्या लोकांपैकी किती जणांना माहीत असतं की याच नावाने माहीमला पोरं सुतारकाम-लोहारकाम शिकत होती, देव जाणे.

१८५७ बघून लगेच उठावाशी जोडू नका, त्याचा तसा संबंध नाही. त्या वेळी युरोपात हे वारं जोरात होतं. फ्रान्समध्ये मेत्रे इथे १८४० ला शेतीवर आधारलेली पोरांची कॉलनी निघाली होती आणि युरोपभरचे लोक ती बघायला जायचे. अमेरिकेत न्यूयॉर्कचं हाउस ऑफ रेफ्युज १८२५ चं. इंग्लंडमध्ये मेरी कार्पेंटर बाईंनी १८५२ ला ब्रिस्टलजवळ किंग्सवुडला रिफॉर्मेटरी, म्हणजे सुधारशाळा, काढली, १८५४ ला मुलींसाठी रेड लॉज काढलं, आणि त्याच वर्षी तिकडे बाल गुन्हेगारांचा कायदा झाला. या बाई १८६६ ला हिंदुस्थानात आल्या, मुंबईतही आल्या, नंतर आणखी तीनदा आल्या आणि इथे रिफॉर्मेटरी हव्यात म्हणून सरकारच्या मागे लागल्या. त्यांचं प्रवासाचं दोन भागांतलं पुस्तक १८६८ चं आहे, नेटवर फुकट मिळतं, नक्की चाळा. सूर जरा मास्तरणीचा आहे पण बारकावे भरपूर.

बाई सांगत होत्या म्हणून असेल किंवा जेल भरली होती म्हणून असेल (मला दुसरं जास्त पटतं), १८७६ ला इथे रिफॉर्मेटरी शाळांचा कायदा आला आणि १८९७ ला तो रद्द करून नवा, आठवा अॅक्ट. हा १८९७ चा नीट वाचा, कारण पुढची बरीच वर्षं त्याचाच अंमल. त्यातल्या व्याख्येत फक्त मुलगा आहे. मुलगी नाहीच. १५ वर्षांखालचा मुलगा, कैदेची किंवा काळ्या पाण्याची शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा, तर शिक्षेऐवजी त्याला रिफॉर्मेटरीत पाठवायचं, कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७, आणि १८ च्या पुढे ठेवायचं नाही.

आता हे कागदावर फार दयाळू वाटतं. पण हिशोब करून बघा. समजा मस्जिद बंदरला एका १२ वर्षांच्या पोराने गोदामातून थोडा कापूस उचलला. मोठ्या माणसाला त्यासाठी काही आठवडे किंवा दोन-चार महिने पडले असते आणि तो सुटून परत धक्क्यावर कामाला लागला असता. पोराला मात्र सुधारायचं म्हणून कमीत कमी ३ वर्षं, आणि जर मॅजिस्ट्रेटने वरची मुदत लावली तर १८ होईपर्यंत आत. तेही घरापासून लांब, कारण सरकारी रिफॉर्मेटरी पुण्याला येरवड्याला होती. आईबापाने मुलाला भेटायला मुंबईहून येरवड्याला जायचं म्हणजे मजुरी बुडवून आणि रेल्वेचं भाडं भरून. प्रोजेक्टमध्ये नुसतं "शिक्षेऐवजी सुधारणा" असं एका ओळीत लिहून मोकळे होऊ नका, हा दिवसांचा हिशोब मांडा.

आणि अजून एक गोष्ट जी बहुतेक जण मिस करतात, फटके. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगाराला दुसऱ्या शिक्षेऐवजी छड्या मारून सोडून देता यायचं. मॅजिस्ट्रेटला हे सोयीचं, खर्च नाही, जागा लागत नाही, पाच मिनिटांत केस निकालात. त्यामुळे रिफॉर्मेटरीच्या रिपोर्टमध्ये पोरांचा आकडा छोटा दिसला म्हणून शहरात पोरं कमी पकडली जात होती असं समजू नका, बरीच पोरं फटके खाऊन घरी गेलेली असतात आणि त्यांची नोंद वेगळ्याच ठिकाणी असते, फौजदारी न्यायाच्या वार्षिक अहवालात. दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून बघायचे.

पुढे १९१९-२० ची जेल कमिटी, तिने सांगितलं की पोरांना जेलमध्ये घालू नका, त्यांची कोर्टं वेगळी करा. मग मद्रासने १९२० ला, बंगालने १९२२ ला आणि मुंबईने १९२४ ला आपापला बाल कायदा केला. मुंबई शहरात तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९२७ उजाडलं, त्याच वर्षी मुलांची गृहं चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी सुरू झाली आणि डोंगरीचं रिमांड होमसुद्धा, म्हणजे चौकशी होईपर्यंत पोरांना ठेवायची जागा. आज आपण "डोंगरी" म्हणतो ती गोष्ट इथून सुरू होते. या कायद्यात मोठा फरक हा की गुन्हा न केलेली पोरंही सरळ सरळ आत आली, भीक मागणारी, बेघर, आईबाप जेलमध्ये असलेली, वाईट संगतीत सापडलेली. आणि मुलीही. १६ ते २१ च्या पोरांसाठी मुंबई इलाख्याचा बोर्स्टलचा (म्हणजे या वयाच्या गुन्हेगारांच्या सुधारशाळेचा) कायदा १९२९ चा, ते बोर्स्टल धारवाडला होतं. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई बाल कायदा, मग सगळ्या देशासाठी १९८६ चा (मुलगा १६, मुलगी १८), २००० चा (दोघांना १८), आणि २०१५ चा, ज्यात १६ ते १८ च्या पोरावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. शेवटच्या तिघांवर इतकं लिहिलं गेलंय की मी वेळ घालवत नाही.

कागद कुठे मिळतात

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत आहे ना, त्यातच महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे, आणि शेजारी ससून लायब्ररी, म्हणजे विषय शेजारी-शेजारीच. कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा, फॉर्म भरा. पत्रावर विषय "मुंबई इलाख्यातील रिफॉर्मेटरी, १८५० ते १९४७" असा थोडा व्यापक पण नेमका लिहून आणा. नुसतं "बालगुन्हेगारी" लिहिलंत तर समोरचा माणूस काय काढून देणार, आणि तोही बिचारा दिवसभर घराण्याच्या वंशावळी शोधायला आलेल्या लोकांना तोंड देत असतो.

तिथे शोध खात्यानुसार लागतो, विषयानुसार नाही. सुरुवातीला न्याय खातं, म्हणजे ज्युडिशियल डिपार्टमेंटचे व्हॉल्यूम. एकेका वर्षाचे बरेच व्हॉल्यूम असतात आणि प्रत्येकात विषयवार कंपायलेशन, म्हणजे एका विषयाचे एकत्र लावलेले कागद. तुम्ही वर्ष, व्हॉल्यूम नंबर आणि कंपायलेशन नंबर असे तिन्ही लिहून ठेवायचे, एकही राहिला तर परत तो कागद शोधणं म्हणजे चर्चगेटला संध्याकाळी सहाला खिडकीची सीट शोधण्यासारखं. नंतर रिफॉर्मेटरी जेल खात्याकडून काढून शिक्षण खात्याकडे दिल्या गेल्या, त्यामुळे १९ व्या शतकाच्या शेवटाला न्याय खात्यात अचानक कागद आटतात. घाबरू नका, शिक्षण खात्याचे व्हॉल्यूम मागवा. आणि १९२० नंतर गृह खातं. जो विद्यार्थी फक्त न्याय खातं बघतो त्याला वाटतं १९०० नंतर काही घडलंच नाही.

व्हॉल्यूम हातात आला की सावकाश उघडा. कागद पिवळा नाही, तपकिरी झालेला असतो, कडा बिस्किटासारख्या तुटतात आणि शिवणीजवळची अक्षरं आत गेलेली असतात, ती बघायला पान ताणू नका. वरती बहुतेक सुपरिटेंडंटचं पत्र, मग खाली वेगवेगळ्या हस्ताक्षरात साहेब लोकांचे शेरे, आणि सगळ्यात शेवटी सरकारचा ठराव, तो छापील. लोक घाईत फक्त छापील ठराव वाचतात कारण तो वाचता येतो. चूक करू नका. खरी भांडणं त्या शेऱ्यांमध्ये असतात, पोरांच्या जेवणाला किती पैसे, सुतारकामाच्या मास्तरचा पगार कोण देणार, सरकार की देणगीदार, आणि पोरांनी बनवलेलं सामान विकून आलेला पैसा कुणाचा. पैशाचा विषय आला की साहेब खरं बोलतो. सुधारणेबद्दलची छान छान वाक्यं ठरावात, आणि "इतका खर्च परवडणार नाही" हे शेऱ्यात.

हस्ताक्षर लागत नसेल तर पहिल्या दिवशी काही नोट्स काढायच्या नाहीत, नुसतं एकाच कारकुनाचं अक्षर वाचत बसायचं. दुसऱ्या दिवशी आपोआप लागतं. मोबाइलने फोटो काढायच्या आधी नियम विचारून घ्या, परवानगी आणि फी असते, आणि गुपचूप काढलेला फोटो प्रबंधात वापरताही येत नाही.

पुराभिलेखागारातच अजून एक खजिना आहे, देशी वर्तमानपत्रांचे साप्ताहिक गोषवारे. सरकार मराठी, गुजराती वगैरे पेपरांत काय छापून येतंय त्याचा इंग्रजीत सारांश काढून ठेवायचं, साहजिकच स्वतःच्या काळजीपोटी. तुम्हाला मात्र त्यातून कळतं की गिरणगावातल्या आणि कामाठीपुऱ्यातल्या लोकांच्या वतीने पेपरवाले काय ओरडत होते. सारांशात पेपरचं नाव आणि तारीख सापडली की मूळ अंक शोधायला दादर पूर्वेला नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जा. मूळ मराठी आणि सरकारी सारांश यात कधी कधी इतका फरक असतो की तो फरकच एक चॅप्टर होईल.

टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे छापील सरकारी अहवाल आहेत. मुंबई शहराच्या गॅझेटियरचे तीन खंड (१९०९-१०) मात्र तिथे जाऊन बघायची गरज नाही, नेटवर आहेत. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या डिजिटल साठ्यात जुने अहवाल स्कॅन करून ठेवलेत, घरबसल्या डाउनलोड होतात, त्यात दर पाच वर्षांनी निघणारा हिंदुस्थानातल्या शिक्षणाच्या प्रगतीचा आढावा शोधा, त्यात रिफॉर्मेटरी शाळांवर वेगळा भाग असतो. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आहे, रजिस्टर करायचं की झालं. टाइम्स ऑफ इंडियाचे जुने अंक १८३८ पासूनचे डेटाबेसवर आहेत पण त्याला युनिव्हर्सिटीचं लॉगिन लागतं, स्वतः विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका.

१९२४ च्या कायद्यावर मुंबई विधिमंडळात काय बोलणी झाली ते विसरू नका. कायदा वाचल्यावर तो कोरडा वाटतो, चर्चा वाचल्यावर कळतं की कोणाला भिकाऱ्यांचा त्रास होत होता, कोणाला पोरांची खरंच काळजी होती आणि कोण फक्त खर्चाचं बोलत होतं.

आणि मग देवनार. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आज तिथे असली तरी ती सुरू झाली १९३६ ला नागपाड्याला, क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थांच्या पुढाकाराने, सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या ट्रस्टच्या पैशावर. म्हणजे डोंगरीपासून हाकेच्या अंतरावर. त्या काळात पोरांच्या कोर्टाला प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे पोराची चौकशी आणि देखरेख करणारे अधिकारी, लागत होते आणि समाजकार्याचं शिक्षण घेतलेली माणसं नव्हती, ही गरज आणि ती संस्था यांचा संबंध तपासण्यासारखा आहे. त्यांच्या लायब्ररीत जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि १९४० पासून निघणारं समाजकार्याचं त्यांचं जर्नल बघा. जुन्या प्रबंधांत विद्यार्थी रिमांड होममध्ये जाऊन पोरांशी बोललेला असतो, आणि पोराचा थोडासा आवाज ऐकू यायची शक्यता सरकारी कागदापेक्षा इथे जास्त. तरी सावध राहा, तो आवाज विद्यार्थ्याच्या इंग्रजीतून आलेला असतो, "घरातून पळालो" चं "ब्रोकन होम" होऊन बसलेलं असतं.

शोधताना कुठला शब्द टाकायचा

हा अगदी प्रॅक्टिकल मुद्दा. आजचा शब्द टाकून जुना कागद सापडत नाही. १९०० च्या आधीसाठी रिफॉर्मेटरी, जुव्हेनाइल ऑफेंडर, व्हॅग्रंट, अॅप्रेंटिस असे शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाका. १९२७ ते १९८६ साठी रिमांड होम, सर्टिफाइड स्कूल (सरकारमान्य शाळा), फिट पर्सन (कोर्ट ज्याच्याकडे मूल सोपवायचं तो). मराठी पेपरांत सुधारशाळा, उद्योगशाळा, बालगुन्हेगार. आत्ताच्या सरकारी मराठीत निरीक्षण गृह, विशेष गृह, बालगृह आणि विधिसंघर्षग्रस्त बालक. निरीक्षण गृह म्हणजे चौकशी चालू असेपर्यंत, विशेष गृह म्हणजे बाल न्याय मंडळाने आदेश दिल्यानंतर, आणि बालगृहात गुन्ह्याचा संबंधच नसलेली, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली पोरं. बातम्यांत या तिन्हीला सरसकट बालसुधारगृह म्हणतात, त्यामुळे बातमीवरून आकडे गोळा करत असाल तर आधी बघा की नक्की कुठल्या गृहाबद्दल बोलतायत.

आता डोंगरीला जा

एवढं झाल्यावर मग इमारत. सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जाता येतं. बाहेरूनच बघायची, आत जायला परवानगी लागते आणि ती गेटवर मिळत नाही, महिला व बालविकास विभागाकडे लेखी अर्ज करावा लागतो, वेळ लागतो, नाही पण म्हणतात. पण बाहेरून बघूनसुद्धा कळतं की ही शाळा म्हणून बांधलेली जागा नाही. दगडी भिंत, उंची, दरवाजा, सगळं जेलचं. कारण ते जेलच होतं, उमरखाडीचं म्हणजे डोंगरीचं जुनं तुरुंग. टिळक आणि आगरकर १८८२ ला कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १०१ दिवस इथे होते, आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलंय. आपल्याकडे शाळेत हे सगळे शिकतात, पण नंतर याच तुरुंगात लहान पोरांना ठेवलं हे कोणी जोडून सांगत नाही. तुम्ही आगरकरांचं वर्णन हातात घेऊन जागेचा नकाशा मनात बांधा, खोल्या, अंगण, आवाज, वास, आणि मग विचार करा की "मुलांना जेलमध्ये ठेवू नका" असं सांगणाऱ्या कमिटीनंतर आठ वर्षांच्या आत सरकारला पोरांसाठी हीच जागा सुचली. यावर कोणीतरी नीट काम करायला हवं. मुंबईत जागेची बोंब तेव्हाही होती हे एक उत्तर झालं, पण पुरेसं नाही.

आजूबाजूच्या जुन्या रहिवाशांशी बोला. अख्ख्या मुंबईत पोरांना "डोंगरीला टाकीन" अशी धमकी देणारे आईबाप होते, माझ्याही लहानपणी ऐकलंय, आणि डोंगरीत राहणाऱ्या पोरांना ती धमकी कशी वाटत असेल हा भारी प्रश्न आहे, विचारून बघा.

मानखुर्दचं निरीक्षण गृह समजून घ्यायचं असेल तर तिथे जायच्या आधी सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल वाचा, दोन्ही १९८६ चे आणि दोन्हीत अर्जदार मुंबईच्या पत्रकार शीला बारसे. एक केंद्र सरकारविरुद्ध, देशभरच्या जेलमध्ये असलेल्या मुलांबद्दल, आणि दुसरा चिल्ड्रन्स एड सोसायटीविरुद्ध, थेट मानखुर्दच्या गृहाबद्दल. दुसऱ्यात कोर्टाने म्हटलंय की निरीक्षण गृहात मुलांना फार काळ ठेवू नये आणि जितका वेळ ती आहेत तितका वेळ त्यांच्या उपयोगाचं काहीतरी काम त्यांना असावं, आणि ही सोसायटी खाजगी नाही, राज्यसंस्थेसारखीच धरायला हवी. इंडियन कानून या साइटवर फुकट आहेत, दहा-वीस पानं. निकालात संस्थेचा इतिहासही थोडक्यात दिलेला असतो, तो सोडू नका, कोर्टासमोर शपथेवर सांगितलेली माहिती असते.

आरटीआय टाकायचा असेल तर महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "संपूर्ण इतिहास द्या" असं लिहिलंत तर उत्तरात शून्य येईल. "अमुक संस्थेचे अमुक ते अमुक वर्षांचे वार्षिक अहवाल आणि मंजूर विद्यार्थी क्षमता" असं नेमकं मागा. मुलांच्या वैयक्तिक फाइली मागू नका, मिळणार नाहीत आणि मिळायलाही नको. तसंही कायद्यानेच ठरवलंय की अपिलाची किंवा नियमांत ठरवलेली मुदत संपली की मुलाच्या दोषसिद्धीचे कागद नष्ट करायचे (अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चाललेली पोरं सोडून), म्हणजे त्याला नव्याने सुरुवात करता यावी. इतिहासकाराचं नुकसान आहे पण मला यात तक्रार करावीशी वाटत नाही.

वाचताना कायम मनात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. वय दिसलं की ते कोणी ठरवलं ते बघा, जन्माचा दाखला नसलेल्या पोराचं वय मॅजिस्ट्रेट किंवा डॉक्टर अंदाजाने टाकायचा आणि १४ की १६ यावर त्याची पुढची काही वर्षं अवलंबून. "सुधारला" असा शेरा दिसला की तो कधी आणि कशावरून लिहिलाय ते बघा, बहुतेक वेळा सुटताना, नोकरी लागली एवढ्यावरून. आणि मुली दिसत नसतील तर त्या नव्हत्या असं नाही, १८९७ चा कायदा त्यांना मोजतच नव्हता, तेव्हा मिशनऱ्यांची अनाथालयं आणि धर्मादाय संस्थांचे अहवाल शोधायला लागतील. हा भाग फारच कमी जणांनी केलाय, पीएचडीचा विषय हवा असेल तर उचला.

शेवटी माणसांशी बोलायची वेळ येईल, जुने केअरटेकर, प्रोबेशन ऑफिसर, आणि कधीतरी तिथे राहिलेला माणूस, जो आता पन्नाशीचा असेल, रिक्षा चालवत असेल, बायकोला सुद्धा सांगितलेलं नसेल. २०१५ च्या कायद्याचं ७४ वं कलम मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापायला बंदी घालतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच्या घरी नको, कामाच्या ठिकाणी नको, तो सांगेल तिथे भेटा. नाव, शाळा, वस्ती, गुन्ह्याची तारीख यातलं काही प्रबंधात येऊ देऊ नका, नुसतं नाव बदलून भागत नाही, गल्ली आणि वर्ष दिलं की शेजारी ओळखतात. रेकॉर्डिंगच्या फाइलला त्याचं नाव देऊ नका आणि त्याचा नंबर फोनमध्ये "डोंगरीवाले काका" म्हणून सेव्ह करू नका, ट्रूकॉलरसारखी अॅप तुमच्या कॉन्टॅक्टमधली नावं उचलू शकतात, आणि उद्या ते नाव तिसऱ्याच कोणाच्या तरी फोनवर झळकेल.